एका बोटाने दाखवा, कुठे दुखतंय

“गुडघा दुखतोय,” एवढ्यावर चांगला फिजिओथेरपिस्ट काहीच करत नाही. तो आधी म्हणतो, “एका बोटाने दाखवा.” बोट वाटीभोवती गोल फिरले, तर दुखणे बहुधा वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या घर्षणाचे. जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसल्यावर ते वाढते. बोट वाटीच्या खालच्या जाड दोरीवर टेकले, तर तिथला स्नायुबंध दुखावलेला. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाच्या उंचवट्यावर बोट नेमके थांबले, तर कुल्ल्यापासून गुडघ्याखालपर्यंत उतरणारी लांब पट्टी तक्रार करत असते. या तिसऱ्या दुखण्याची एक ओळख आहे. पहिले काही किलोमीटर ते गप्प असते, मग ठरावीक अंतरावर हटकून उठते आणि चालायला लागले की बऱ्याचदा ओसरते.

अहमदपूर हे नांदेड आणि लातूरच्या दरम्यान, 361 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले. इथल्यासारख्या तालुक्याच्या गावात पहाटे धावणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसतात. एक भरतीची पोरे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर पळावे लागते, त्यासाठी ती ‘ग्राउंड’ मारतात. दुसरे चाळिशीच्या आसपासचे शिक्षक, दुकानदार, डॉक्टर. त्यांचे लक्ष जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवर असते. मराठवाड्याला 42.195 किलोमीटर हे अंतर परके नाही. परभणीच्या ज्योती गवते यांनी 2017 साली हीच शर्यत भारतीय महिलांमध्ये पहिल्या क्रमांकाने पूर्ण केली होती.

जानेवारीच्या शर्यतीची तयारी साधारण गणपती उठले की सुरू होते, आणि घोडे पेंड खाते ते दिवाळीत. चार दिवस पाहुणे, फराळ, गावाकडे जाणे, धावणे बंद. परतल्यावर बुडालेले किलोमीटर भरून काढायची घाई होते. आठवड्याला 30 किलोमीटर धावणारा माणूस एकदम 48 वर जातो, त्यातले निम्मे एकट्या रविवारी. दम टिकतो, कारण हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. हाडे, स्नायुबंध आणि कूर्चा यांना त्याच भाराची सवय व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. नोव्हेंबरमध्ये गुडघे धरतात ते यामुळेच. बुटाला दोष देण्याआधी धावण्याची वही उघडून पाहावी.

रस्त्याचाही यात हात असतो. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवलेला असतो. समोरची वाहने दिसावीत म्हणून जाणकार उजव्या कडेने धावतात, ते बरोबरच. पण मग उजवे पाऊल प्रत्येक वेळी डाव्यापेक्षा थोडे खाली पडते, कंबर एका बाजूला कलते आणि तासन्‌तास तशीच राहते. सोयाबीनच्या सुगीत गावोगावच्या रस्त्याकडेला माल वाळत घातलेला असतो. तेव्हा मिळेल त्या अरुंद पट्टीवरून धावावे लागते. शेतातला रस्ता धरावा तर पावसात काळी माती बुटाला शेरभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाय मुरगळतो. शाळेचे मुरमाचे मैदान त्यातल्या त्यात बरे. तिथेही एकाच दिशेने फेऱ्या न मारता काही उलट्या माराव्यात.

आता एक साधी चाचणी जवळून पाहू. वीतभर उंचीची पायरी, समोर आरसा, पाय अनवाणी. दुखऱ्या पायावर उभे राहायचे आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवून परत वर घ्यायची. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे ठीक दिसते. पाचव्या-सहाव्या वेळी गुडघा आत, अंगठ्याच्याही पलीकडे झुकू लागतो. कमरेची दुसरी बाजू खाली लोंबते, तळव्याची कमान बसते, आणि तोल सावरायला हात आपोआप पसरतात. दुखते गुडघ्यात, पण ढिला पडलेला असतो तो बऱ्याचदा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू. एका किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय चारशे-पाचशे वेळा जमिनीवर पडतो, आणि दर वेळी हीच चूक शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भाराखाली होत राहते.

म्हणून नुसती विश्रांती पुरत नाही. पंधरा दिवस बसून राहिले की दुखणे शांत होते, पण स्नायूही तेवढेच उतरतात. मग पहिल्याच मोठ्या रविवारी गुडघा त्याच किलोमीटरला पुन्हा थांबवतो. खरा उपचार कंटाळवाणा आहे. भिंतीला पाठ लावून खुर्चीच्या आकारात बसणे, कुशीवर झोपून पाय वर उचलणे, एका पायावर उठबस, आणि हीच पायरी. हे एक दिवसाआड, दोन-तीन महिने. धावणे मात्र बहुतेक वेळा पूर्ण बंद करावे लागत नाही. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. धावताना ते तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले नसले, तर तेवढे अंतर चालते. सकाळी खाटेवरून उठताना गुडघा जड वाटला, तर कालचे अंतर जास्त झाले.

पावलांची गती हा आणखी एक उपाय, आणि तो फुकटचा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली दाखवले, की वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. 160 पावले पडत असतील तर 168 करायची. पाऊल आखूड होते आणि शरीराच्या फार पुढे न पडता जवळपास खालीच पडते. सुरुवातीला हे दुडूदुडू पळल्यासारखे वाटते. महिनाभरात अंगवळणी पडते.

सगळ्याच गुडघ्यांची गोष्ट इतकी सौम्य नसते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर. 2020 साली दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत धावली होती. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्यातला एसीएल हा मुख्य बंध आणि मेनिस्कस ही गादी, दोन्हींना इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेनंतर खेळात परतायला साधारण नऊ महिने किंवा जास्त लागतात. आपल्या मराठवाड्याच्या पोराच्या त्या पडण्याने अनेकांच्या काळजात चर्र झाले. पण रविवारी धावणाऱ्याचा दुखरा गुडघा बहुधा या जातीचा नसतो. म्हणूनच पहिल्याच दिवशी एमआरआयकडे धावण्याची गरज नसते.

घरची वडीलधारी माणसे मात्र एकच सांगतात, “पळू नको, गुडघे झिजतील.” त्यांची माया खरी, भीती तितकी खरी नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात खुबा आणि गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावणाऱ्यांत 3.5 टक्के, बैठ्या माणसांत 10.2 टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत 13.3 टक्के आढळले. बेताने धावणारा बसून राहणाऱ्यापेक्षा वाईट स्थितीत नव्हता.

धोका आहे तो दुखणे अंगावर काढण्यात, आणि त्याहून जास्त गोळी खाऊन धावण्यात. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन लांब पल्ला गाठला, तर घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय थांबण्याचा इशारा देणारी एकमेव गोष्ट गप्प केली जाते. भरतीच्या पोरांना चाचणीच्या सकाळी गोळी देणाऱ्या मोठ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. त्या पोरांना पुढे तीस वर्षे खाकीत उभे राहायचे असते.

पडल्यावर काही तासांत गुडघा सुजला, वाकलेला अडकून बसला, चालताना दगा देऊ लागला, किंवा रात्री झोपेतही ठणकत राहिला, तर बाम आणि नी-कॅप बाजूला ठेवा. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना धावण्याचे बूट आणि मागच्या सहा आठवड्यांत किती किलोमीटर धावलात ती वही बरोबर न्या.