रेघ की चंद्रकोर?

गुरुजींची वही इंदापूरहून एसटीने आली, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर लावून. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलीला, ताईंना, वही छापून हवी होती. मी बारामतीत गाणं शिकवतो आणि स्वरलिपी टाईप करून देतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच पानावर देस, तीनताल. ‘सां नि ध प’मधल्या सां-नि खाली पेन्सिलीची एक चपटी रेघ. भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ असली की स्वर कोमल. दोन-तीन स्वरांखाली चंद्रकोर असली की ते सगळे एकाच मात्रेत. घाईत लिहिताना कोर चपटी होते, रेघ वाकते. रागाला विचारून उपयोग नव्हता, देसात उतरताना नि कोमलच. मग बोटांवर मात्रा मोजल्या. कोर मानली तर ओळ १५ मात्रांची, रेघ मानली तर बरोब्बर १६. निची रेघ सां खाली घसरली होती, एवढंच.

पाश्चात्त्य लिपीतही हाच घोळ. तिथे एकच स्वर लांबवायलाही कोर आणि वेगवेगळे स्वर सलग घ्यायलाही कोरच. पहिली टाय, दुसरी स्लर. (आपल्याकडे स्वर लांबवायला सरळ डॅश असतो, त्या बाबतीत आपण सुखी.) कीबोर्ड शिकणाऱ्या एका पोराच्या कागदावर सी मेजरमध्ये एफ शार्पवरून निघालेली कोर उभी रेघ ओलांडून पुढच्या एफवर टेकली होती. शार्पचा अंमल त्या उभ्या रेघेपर्यंतच. टाय असेल तर काळी पट्टी तशीच दाबून ठेवायची; स्लर असेल तर पांढरी नव्याने वाजवायची.

गुरुजींच्या तिसऱ्या पानाने मात्र दमवलं. ‘प म ग रे’ यांच्या डोक्यावर कोर, म्हणजे मींड. पण तिचं टोक प आणि म यांच्या अगदी मधोमध. मींडीने मात्रा बदलत नाहीत, तेव्हा मोजणार काय? ताईंना फोन लावला. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना त्यांनी ओळ दोनदा म्हटली. एकदा प वरून घसरल्या, एकदा म वरून. “बाबा दोन्ही म्हणायचे.”

पाश्चात्त्य संगीताच्या चिकित्सक आवृत्त्यांत संपादकाने आपल्या अंदाजाने घातलेली कोर बऱ्याचदा तुटक छापतात. मी तेच केलं: प ते म तुटक, पुढे सलग. प्रूफ इंदापूरला जाऊन परत आलं. त्या जागी लाल पेनाने गोल आणि समासात ताईंचं अक्षर: “इथे शाई उडालीय का?”