दोन सायकली कशाला?

‘‘दोन सायकली कशाला गं? बसणारी तू एकटीच ना?’’ आईने साताऱ्याहून फोनवर विचारलं. इथे नॉर्थ व्हँकुव्हरला आमच्या घरात हाच प्रश्न त्या आठवड्यात तीनदा होऊन गेला होता. नवऱ्याने विचारला, शेजारणीने हसत हसत विचारला आणि रात्री हिशेबाची वही घेऊन बसल्यावर मी स्वतःलाही विचारला.

झालं असं की, माझी पहिली सायकल ‘डाउनहिल’. म्हणजे फक्त डोंगर उतरायला केलेली. पुढच्या-मागच्या चाकांना इतकं सस्पेन्शन, की चाक २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वर-खाली होतं. वजन सतरा किलो. गिअर सातच, आणि सीट इतकी खाली की बसून पायडल मारायला गेलं तर गुडघे हनुवटीला लागावेत. अशा सायकलीने वर चढायचं नसतंच. वर न्यायला चेअरलिफ्ट असते.

ही चेअरलिफ्ट आमच्या घरापासून दीड तासावर, व्हिसलरला. हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्यांचा डोंगर उन्हाळ्यात सायकलवाल्यांचा होतो. १९९९ पासून तिथे रीतसर बाइक पार्क आहे. माझी लेक बारा-तेरा वर्षांची असताना मी तिला तिथे सोडायला जायची आणि खाली कॉफी घेऊन बसायची. एकदा कॉफीचा कंटाळा आला म्हणून शिकाऊंच्या वर्गात नाव घातलं. वय वर्षं बेचाळीस! ‘इझी डझ इट’ नावाची सोपी वाट उतरताना पहिल्या दिवशी ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. पुढची ‘बी-लाइन’ न घाबरता उतरायला दोन उन्हाळे लागले. मग एक सेकंडहँड डाउनहिल सायकल घेतली आणि आम्ही मायलेकी शनिवार-रविवार व्हिसलरला पडीक!

२०२३ च्या सप्टेंबरात लेक शिकायला देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी एकदाच एकटी गेले. लिफ्टच्या खुर्चीत शेजारी अनोळखी माणूस, परतताना गाडीत गप्पा नाहीत, आणि तिकिटाचे पैसे मात्र तेवढेच. सायकल गॅरेजमध्ये गेली ती गेलीच. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं मी सायकल चालवत नव्हते, लेकीच्या छंदाला सोबत करत होते. छंद माझा असता, तर ती गेल्यावर बंद कशाला पडला असता?

गंमत म्हणजे डोंगर आमच्या घरामागेच आहे. माउंट फ्रॉम. शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून साठी उलटलेल्या बायकासुद्धा सायकली घेऊन वर जाताना दिसतात. एका सकाळी मीही माझं सतरा किलोचं धूड काढलं. माउंटन हायवे म्हणतात तो खडीचा रस्ता वळणं घेत वर जातो. दुसऱ्याच वळणावर उतरले आणि ढकलायला लागले. साताऱ्याला शाळेत असताना आम्ही मुली यवतेश्वरच्या चढाला हेच करायचो. थोडी चाकं फिरली की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. पन्नाशी जवळ आली, देश बदलला, तरी चढ आला की मी आपली ढकलतेच आहे!

म्हणून दुसरी सायकल घ्यायची ठरली. नवऱ्याचा सल्ला व्यवहारी होता. ‘‘जुनी विकून टाक आणि मधली एकच घे. चढेलही, उतरेलही.’’ या मधल्या सायकलीला ‘एन्ड्युरो’ म्हणतात, सस्पेन्शन १६०-१७० मिलिमीटरचं. सल्ला चूक नव्हता. वर्षातून दोन-चारदाच बाइक पार्कला जाणाऱ्या बाईने तेच करावं. पण माझी जुनी सायकल विकून हातात फार काही येणार नव्हतं. शिवाय पार्कमधल्या दणक्यांनी ब्रेक, बेअरिंग, रिम सगळं झिजतं. एकच सायकल दोन्हीकडे राबवली तर ऐन मोसमात ती दुकानात आणि मी घरात. आणि सुट्टीत लेक आली की व्हिसलर होणारच होतं. जुनी ठेवायची, हे नक्की झालं.

दुकानात गेले आणि नेमकी तिथेच चुकले. एका १७० मिलिमीटरवालीवर बसले, तर अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. तेच रुंद हँडल, तोच गुबगुबीतपणा. हीच घेते म्हटलं. तिथे काम करणारी एक तरुण मुलगी हातातलं काम थांबवून म्हणाली, ‘‘घरची सायकल ठेवणार आहेस ना? मग तीच परत का विकत घेतेस? जिथे पहिलीचं काम संपतं, तिथून दुसरीचं सुरू होऊ दे.’’

तिच्या सांगण्यावरून दोन शनिवार दोन सायकली भाड्याने घेतल्या. चढ तोच, उतरायची ‘बॉबस्लेड’ नावाची सोपी वाटही तीच. १७० वाली वर गेली, पण जाडजूड टायर ओढताना मी घामाघूम. उतरताना तर काही कळलंच नाही. मुळं, दगड, खळगे सगळं तिने गिळून टाकलं. दुसऱ्या शनिवारी १३० मिलिमीटरची ‘ट्रेल बाइक’, चौदा किलोची. चढावर दोनदाच थांबले, तेही पाणी प्यायला. उतरताना मात्र प्रत्येक मूळ हाताला जाणवत होतं. चाक कुठून न्यायचं ते आधी ठरवावं लागत होतं. मोठ्या सस्पेन्शनने माझा आळशीपणा इतके दिवस झाकला होता, तो उघडा पडला. वेग कमी होता, पण खाली पोचले तेव्हा मी हसत होते. घरामागच्या वाटेला तेवढीच सायकल हवी होती.

मैत्रिणींनो, कुणाला अशी जोडी जमवायची असेल तर माझ्या चुकांमधून चार गोष्टी सांगते. दुसरी सायकल हलकी हवी, पण भित्री नको. डाउनहिलचा पुढचा फोर्क बराच तिरपा, साधारण ६३ अंशांचा असतो. अशी सवय झालेल्या हातांना ६८ अंशांची, शर्यतीची उभट सायकल दिली तर उतारावर हँडलवरून पुढे पडू असं वाटत राहतं. ६५-६६ अंश मानवतात. ब्रेक मात्र दमदारच घ्यावेत, त्यात कंजूषपणा नको. चढासाठी पुढे ३० दात्यांची चकती आणि मागे सर्वांत मोठी ५१-५२ दात्यांची, म्हणजे गुडघे वाचतात.

माप पाहताना डाउनहिलचे आकडे विसरायचे. तिथे आपण उभ्या असतो, इथे तासभर बसून पायडल मारायचे असतात. म्हणून बसल्यावर हात-पाठ कुठे येतात ते पाहायचं. सीट चाकाच्या फार मागे जात असेल, तर तीव्र चढावर पुढचं चाक उचललं जातं. बटण दाबून वर-खाली होणारी सीट, म्हणजे ‘ड्रॉपर’, हवीच. माझ्यासारख्या पाच फूट दोन इंचवालीने तर ती पुरेशी खाली जाते का, हे दुकानातच बसून पाहावं. फ्रेमची उभी नळी लांब असली तर नाही जात. पायडलचा दांडाही आखूड, १६५ मिलिमीटरचा बरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वजन. माझ्या जुन्या सायकलीच्या मागच्या शॉकमध्ये लोखंडी स्प्रिंग आहे. आधीचा मालक माझ्या दीडपट. त्याच्या वजनाची ती स्प्रिंग मी दोन वर्षं तशीच चालवली आणि ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणत राहिले! हलकी स्प्रिंग बसवली आणि सायकल एकदम मऊ झाली. ट्रेल बाइकच्या शॉकमध्ये बहुधा हवा असते, छोट्या पंपाने कमी-जास्त करता येते. आपण नुसतं बसल्यावर शॉक साधारण तीस टक्के दबला पाहिजे. दुकानातून बाहेर पडण्याआधी हे करून घ्यावं. आपल्या वजनाचं आकडं सांगायला लाजू नये.

‘बायकांची सायकल’ म्हणून वेगळी घ्यायची का, असंही मैत्रिणी विचारतात. रंगावर जाऊ नका, मापावर जा, एवढंच मी म्हणते. अमेरिकेची ज्युली फुर्टाडो १९९० मध्ये क्रॉस-कंट्रीची, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यतीची जगज्जेती झाली आणि १९९२ मध्ये डाउनहिलचीही. हे बाईचं, ते बाईचं नाही, असं तिने कधी वाटून घेतलं नसावं. चढही तिचा आणि उतारही तिचाच.

शेवटी गेल्या वर्षीच्या मॉडेलची एक १३० मिलिमीटरवाली स्वस्तात मिळाली, चार हजार कॅनेडियन डॉलरच्या आत. रक्कम लहान नाही. पण व्हिसलरचं तिकीट, पेट्रोल आणि बाहेरचं जेवण वहीत मांडलं, तेव्हा नवरा काही बोलला नाही.

परवाच्या रविवारी रस्ता संपेपर्यंत न ढकलता चढले. वरूनच आईला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण ती जागी होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘‘म्हणजे भाकरीचा तवा वेगळा आणि भजी तळायची कढई वेगळी, तसंच ना? मग आधीच सांगायचं की!’’

मी हसले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तिने हळूच विचारलं, ‘‘एकटीच आहेस का गं तिथे?’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘चढलीस ना, झालं. आता उतरताना मात्र सावकाश ये.’’