खलिता: थैलीचा मान कागदाला

मराठीत पत्राला शब्दांची ददात नाही. चिठ्ठी, कागद, खत, रुक्का, लखोटा, सनद, फर्मान, हवं ते घ्या. पण ‘खलिता आला’ म्हटलं की ऐकणारा सावरून बसतो. गंमत अशी की या भारदस्त शब्दाचा लिहिण्याशी मुळात काडीचाही संबंध नव्हता. अरबीतला ‘खरीता’ म्हणजे पिशवी. संस्थानिक आणि बडे सरदार एकमेकांना पत्र धाडत ते उघडंवाघडं नसे. सोनेरी वर्ख शिंपडलेला कागद, त्याला मलमलीचं आवरण, वरून किनखापाची नाहीतर रेशमी थैली, तोंडाशी गोंडेदार दोरी आणि त्या दोरीला लोंबणारी लाखेची मोहोर. दरबाराला आधी दिसायची ती थैली. मजकूर मुनशी मागाहून वाचायचा. तेव्हा लोकांनी थैलीचं नाव पत्राला दिलं, यात नवल ते काय?

हाच शब्द आजच्या अरबीत नकाशाला वापरतात, आणि अवधी-भोजपुरीकडे खलीता म्हणजे सदऱ्याचा खिसा! आपल्या ‘दफ्तर’ची वाट नेमकी उलटी. मूळ ग्रीक शब्द कातड्याचा; फारसीतून आला तो नोंदवह्या आणि कागदपत्रं घेऊन. पेशवे दफ्तर म्हणतो ते त्याच अर्थानं. आता मात्र दफ्तर म्हणजे पोरांच्या पाठीवरची पिशवी. पिशवीचा कागद झाला आणि कागदाची पिशवी. लखोट्याला नाव दिलं लाखेनं, लिफाफ्याला गुंडाळण्यानं. मजकुरापेक्षा वेष्टनाचा रुबाब मोठा, हे आपल्या भाषेनं फार पूर्वीच ओळखलेलं दिसतं.

थैलीच्या आतही दर्जा सांभाळावा लागे, तो मायन्यानं. मायना म्हणजे खरं तर ‘अर्थ’. मराठीत तो पत्राच्या आरंभीच्या संबोधनाला चिकटला, आणि ते योग्यच, कारण कोण कोणाला लिहितोय हाच अर्ध्या पत्राचा अर्थ असे. वडीलधाऱ्याला ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’, हाताखालच्याला शेवटी कोरडं ‘जाणिजे’. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांच्या पत्रांची अखेर ‘मर्यादेयं विराजते’ या मुद्रेनं होई. तरी मायना, मोर्तब, खलिता ही मंडळी टिकून राहिली. राज्य बदललं तरी कारकुनाचा हात लवकर वळत नाही.

आमच्या नागपूरला खलित्यांचा खरा राबता सुरू झाला तो इंग्रजांचा कायमचा वकील इथे बसल्यावर. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहानं नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा कटक आणि वऱ्हाडचा मुलूख गेला, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून दाखल झाला. त्याच्यामागून रिचर्ड जेंकिन्स, तो थेट १८२७ पर्यंत. सीताबर्डीवरच्या त्या रेसिडेन्सीचं नाव सदरच्या मुख्य रस्त्याला अजून आहे. रेसिडेन्सी रोडवर दुकानांच्या पाट्या वाचत जाणाऱ्याला कशाची रेसिडेन्सी हा प्रश्न पडत नाही, तो भाग वेगळा.

इथे खलित्याचा एक नामसाधर्म्याचा भाऊही आठवतो: खिलत, म्हणजे मानाचा पोशाख. २४ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्याकडून आलेली खिलत आणि किताब भर दरबारात स्वीकारला. पेशवा बाजीरावाची तेव्हा इंग्रजांशी लढाई जुंपलेली. जेंकिन्सनं काय समजायचं ते समजून घेतलं. २६ तारखेला सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. एका पोशाखाचा मायना किती जड असतो पाहा!

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारसाविना गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. खलिता जायचा तो राजाकडून राजाकडे. राजाच उरला नाही, तर कलकत्त्यानं खलिता धाडायचा कोणाला? राजघराण्यातल्या बांकाबाईंनी दाद मागितली. आता गाऱ्हाणं वर जाणार आणि हुकूम खाली येणार. इतर संस्थानांत थैल्या थेट १९४७ पर्यंत चालल्या. नागपूरच्या वाट्याला अर्ज आला. माझ्या मते जप्तीचा सर्वांत बोचरा भाग हाच. जडजवाहीर लिलावात गेलं त्याची हळहळ सगळे करतात, पत्राचा दर्जा गेला त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

अर्जाची भाषा मात्र सदरचीच. अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती, पुढची बाजू, मुख्य जागा. छातीवरचा तो सदरा, वाड्याच्या दर्शनी भागातली कारभाराची ती सदर, छावणीचा मुख्य बाजार तो सदर बाजार, आणि कागदात वर येऊन गेलेलं ते ‘सदरहू’. ‘सदर अर्जदार सदर मिळकतीचा मालक असून’ असं वाक्य तहसील कचेरीबाहेर टंकलेखक आजही डोळे मिटून ठोकतो. खालची ‘लेखनसीमा’ गेली, तिथे इंग्रजी वळणाचं ‘आपला विश्वासू’ आलं. वर्ख गेला, किनखाप गेला, मोहोरेच्या जागी आवक विभागाचा जांभळा शिक्का आहे. तो उमटवून घेतल्याशिवाय पोचप्रत हातात पडत नाही, आणि पोचप्रत नसेल तर साहेबांच्या लेखी तुमचा अर्ज आलेलाच नसतो.