शब्दांत पकडणारा शत्रू
परीलोकातील मायावी सरदाराला फाशांच्या खेळात उभे करताना...

'परी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शुभ्र पंखांची, हाती जादूची कांडी घेतलेली कोमल आकृती उभी राहते. इंग्लंडच्या लोककथांतील 'फेअरी' मात्र निराळ्याच जातकुळीची. तिच्या वाटेला सहसा कोणी जाऊ नये, अशी ती जमात. देखणी, गोडबोली, लहरी आणि दिलेला शब्द अक्षरशः पाळणारी. यातील 'अक्षरशः' हीच खरी मेख आहे. शब्द पाळला जातो, पण अर्थ त्यांच्या सोयीचा असतो.

अशा मायावी ठकाला 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम'मध्ये शत्रू म्हणून उभे करायचे, तर खेळाचे नेहमीचे गणित अपुरे पडते. या प्रकाराचा पाया गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने १९७४ मध्ये घातला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. उरलेले सारे जग, म्हणजे शत्रू, गावकरी, हवामान आणि नशिबाचे फेरे, सूत्रधार सांभाळतो. तलवारीचा वार लागला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो आणि वार लागला की शत्रूच्या जीवनगुणांतून आकडे वजा होतात. राक्षस किंवा ड्रॅगनसाठी ही रीत उत्तम. परंतु ज्याचे सामर्थ्य बोलण्यात आहे, त्यालाही केवळ जीवनगुणांत मोजले तर तो चार फेऱ्यांत आडवा होतो आणि त्याच्यातील ठक मात्र कधी दिसतच नाही.

कादंबरीतील वस्तुपाठ

या पेचावरचा उत्तम वस्तुपाठ एका कादंबरीत सापडतो. सुझाना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या या कथेत नॉरेल हा जादूगार एका राजकारण्याच्या मृत वाग्दत्त वधूला जिवंत करण्यासाठी परीलोकातील एका सरदाराला पाचारण करतो. त्या सरदाराचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. तो मोबदल्यात तिचे अर्धे आयुष्य मागतो. आयुष्याच्या उत्तरार्धातील वर्षे कमी होतील, असा हिशेब करून नॉरेल होकार देतो. सरदार मात्र प्रत्येक दिवसाचा अर्धा भाग घेतो. ती स्त्री, म्हणजे पुढची लेडी पोल, रोज रात्री त्याच्या 'लॉस्ट-होप' या उदास वाड्यात नाचत राहते. कोणाला सांगू पाहिले, तर तोंडातून भलत्याच गोष्टी बाहेर पडतात. कराराची खूण म्हणून तिची करंगळीही सरदाराने नेलेली असते.

खेळाच्या दृष्टीने पाहता या प्रसंगात सारा आराखडा तयारच आहे. पहिली गोष्ट म्हणजे करार. त्यात असत्य एकही नाही, फक्त एक जागा मोकळी सोडलेली आहे. दुसरी म्हणजे खूण. करंगळी परत जागेवर आली की जादू सुटते. म्हणजे खेळाडूंना शोधण्याजोगी, हाती लागण्याजोगी वस्तू मिळते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, करार नॉरेलने केला, किंमत मात्र लेडी पोलने मोजली. तिला कोणी विचारलेच नव्हते. ठक भयंकर वाटतो तो त्याच्या शक्तीमुळे नव्हे; आपल्या होकाराचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर पडले, या जाणिवेमुळे.

सूत्रधाराची कसोटी

खरी अडचण येथून सुरू होते. खेळात शब्दांचा अर्थ लावणारा ठक आणि निवाडा करणारा सूत्रधार ही एकच व्यक्ती असते. पंचानेच डाव टाकावा, तशी ही स्थिती. खेळाडूच्या प्रत्येक वाक्याचा विपर्यास होऊ लागला, तर तो बोलणेच सोडतो किंवा वकिली भाषेत बोलू लागतो. खेळ संपतो आणि उरतो केवळ अविश्वास. यावर उपाय म्हणजे कराराचे नेमके शब्द कागदावर लिहून सर्वांसमोर ठेवणे, होकार देण्यापूर्वी धोक्याची सूचना देणारा एखादा प्रसंग घालणे आणि एकदा लावलेला अर्थ मागाहून न बदलणे. फसगत उघडकीस आल्यावर 'हे आपल्याला कळायला हवे होते' असे खेळाडूच्या मनात आले पाहिजे. 'हे कळणे शक्यच नव्हते' असे त्याला वाटले, तर तो ठकाचा विजय नसून सूत्रधाराची लबाडी ठरते.

वाचा बंद करणाऱ्या जादूबाबतही हेच. ती थेट खेळाडूच्या पात्रावर टाकली, तर त्याच्या हातातील एकमेव साधन हिरावले जाते. ती आधी सूत्रधाराच्या ताब्यातील पात्रावर टाकली, तर तिचे कोडे होते. कोणते विषय टेबलावर नकोत, हे खेळापूर्वीच्या बैठकीत ठरवावे, असा सल्ला २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत ग्रंथातही आहे.

पराभवाची वाट

ठक कितीही बलाढ्य असला तरी त्याला हरवण्याची वाट हवीच. लोखंड परीजनांना सोसत नाही, ही जुनी लोकसमजूत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००३ च्या सुधारित नियमांत थंड लोखंडाच्या शस्त्रांच्या रूपाने उतरली. २०२१ मध्ये आलेल्या 'द वाइल्ड बियाँड द विचलाइट' या साहसकथेने पुढचे पाऊल टाकले. तिच्यातील परीलोकात आतिथ्य, मालकी आणि परतफेड यांचे नियम सर्वांनाच बांधतात आणि शस्त्र न उचलताही कथा पूर्ण करता येते. नियम शत्रूलाही लागू असले, की खेळाडूंना तेच नियम त्याच्यावर उलटवता येतात.

क्लार्क यांच्या सरदाराचा अंतही असाच होतो. स्टीफन ब्लॅक या नोकरावर त्याची मर्जी जडते आणि 'तू राजा होशील' असे भाकीत तो वारंवार करतो. ते भाकीत खरे ठरते. स्टीफनच्याच हातून सरदार मरतो आणि स्टीफन त्याच लॉस्ट-होपचा राजा होतो. टेबलावरच्या ठकासाठीही याहून न्याय्य शेवट शोधावा लागणार नाही. त्यासाठी त्याने कोणाला काय काय कबूल केले होते, याची नोंद सूत्रधाराने पहिल्या दिवसापासून ठेवलेली असली म्हणजे झाले.