चिखलदऱ्याच्या हॉटेलात आईचे ताट

हॉटेलात जेवणे ही काय पेपरात लिहिण्याची गोष्ट आहे, असे आपण म्हणाल. आम्हीही तसेच म्हटले असते. पण यंदाच्या पावसाळ्यात आम्ही रिद्धपूरहून चिखलदऱ्याला गेलो आणि तेथे जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मुलीला नर्सिंगची नोकरी लागली. पहिल्या पगारात आजीला थंड हवेच्या ठिकाणी नेऊन हॉटेलात जेवू घालायचे, हा तिचा हट्ट. आई पंचाहत्तरीची. चहापलीकडे हॉटेलचे काही तोंडात घातलेले नाही. चांदूर बाजार, परतवाडा करीत एस.टी.ने घाट चढलो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंची, विदर्भात असूनही जेथे कॉफी पिकते असे हे गाव. गाविलगड, भीमकुंड पाहिले म्हणजे काय, धुकेच पाहिले! दुपारी भिजलेले सहा जण एका बऱ्यापैकी हॉटेलात शिरलो.

आई दारातच थबकली. "मी बाहीर बसतो, तुमी जेवून घ्या," म्हणाली. नातीने हात धरून खुर्चीवर बसविले. मेनूकार्डात पिठलं-भाकरीचा भाव ऐकून मात्र तिची भीड मोडली. "बाप्पा! इतक्यात घरी चार दिवस पिठलं होते!" शेवटी पिठलं-भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात असेच मागविले. बाटलीबंद पाणी नको, साधे पाणी जगात आणा, असे आम्ही आधीच सांगितले. जेवण गरम होते, चवही होती. पिठल्यात तिखट कमी, हा आईचा शेरा.

जेवण संपले. आम्ही बिलाची वाट पाहत होतो. पाहतो तो आई ताट-वाटी हातात घेऊन उभी. "मोरी कोठी हाये? ताट धुवाचं हाये."

शेजारच्या टेबलावरची माणसे हसली. म्हातारी खेड्यातली आहे, एवढेच त्यांना दिसले. आम्हाला हसू आले नाही. आईच्या माहेरच्या गावी चहाच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली असे. चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की कपबशी आपली आपण विसळून पुन्हा तेथेच ठेवायची. लहानपणी बापासोबत बाजाराला जाताना तिने हेच केले. आमच्या रिद्धपुरात तेराव्या शतकात गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या वस्तीत जात, असे महानुभावांचे ग्रंथ सांगतात. त्याच मुलखात सातशे वर्षांनी ही कपबशी!

आणि कायदा तेव्हाही होता. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये दुकाने आणि हॉटेले सर्वांना खुली केलेली आहेत. 1955 चा अस्पृश्यता अपराध कायदा, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या कलम 4 मध्ये तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हा स्पष्ट गुन्हा आहे. भांडी! कायदा करणाऱ्यांना ती वळचणीची कपबशी ठाऊक होती. आईपर्यंत मात्र कायदा पोहोचला नव्हता.

वेटर मेळघाटातलाच कोरकू पोरगा होता. तो धावत आला. "आजी, ठेवा ना. ते माझं काम आहे." आईने ताट दिले, पण दोन्ही हातांनी, जपून. नात तिच्या पाठीवर हात फिरवीत राहिली. आम्ही खिडकीबाहेरचे धुके पाहत बसलो.

बिल आले. कारकुनी डोळा, बेरीज तपासल्याशिवाय पैसे निघत नाहीत. जेवण 1240 रुपये, त्यावर 10 टक्के सेवाशुल्क 124, मग एकूण रकमेवर 5 टक्के जीएसटी. सारे मिळून 1432 रुपये 20 पैसे. जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क हॉटेलवाल्याचे. ते बिलात आपोआप लावता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची सूचना आहे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती योग्य ठरविली. मॅनेजर प्रथम "आमच्याकडे असंच असते" म्हणाले. ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आम्ही उच्चारताच नवे बिल आले : 1302 रुपये. कोणी भांडखोर म्हणोत. 130 रुपयांत मुलीची दोन दिवसांची बसभाडी निघतात.

इकडे हा हिशेब चालू असताना आईने कमरेची पिशवी सोडून वीस रुपयांची नोट काढली आणि त्या पोराच्या मुठीत कोंबली. "शिकतो का रे?" तिने विचारले. "बारावीला आहे," तो म्हणाला. मग दोघांचे बरेच बोलणे झाले. त्याच्या गावाला रस्ता आहे का, घरी कुटकी पेरतात का, आई काय करते. बसची वेळ झाली म्हणून आम्हीच तिला उठविले.

उतरताना परतवाड्याच्या स्टँडवर चहा घेतला. आईने कप रिकामा केला, क्षणभर हातात धरला, आणि टेबलावर ठेवून पदराने तोंड पुसले. "चाल, गाडी लागली," म्हणाली.