बॅटरी ग्रिप घ्यायची की नाही? आधी तुमच्या ऑर्डरींचा हिशेब मांडा

व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून आजचा विषय इथे सविस्तर लिहून देतोय. देहू, तळवडे, मोशी, चाकण या पट्ट्यात कॅमेऱ्यावर धंदा उभा करू पाहणारी बरीच मुलं आहेत. लग्नसराई तोंडावर आली की त्यांच्या डोक्यात एक खरेदी हमखास घोळायला लागते, ती म्हणजे बॅटरी ग्रिप. वीसेक हजार घालावेत का?

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. ग्रिप कॅमेऱ्याच्या बुडाला बसते. तिच्यात साधारणपणे दोन बॅटऱ्या मावतात, आणि बहुतेक ग्रिपवर कॅमेरा उभा धरल्यावर बोटाखाली येईल असं दुसरं शटर बटण असतं. म्हणजे तुम्ही दोन गोष्टी विकत घेता, न थांबता जास्त वेळ काम आणि उभ्या फ्रेमसाठी आरामाची पकड. फोटोचा दर्जा यातून तसूभरही वाढत नाही. काही मोजक्या कॅमेऱ्यांत वेग वाढतो. उदाहरणार्थ निकॉन डी८५० सेकंदाला ७ फ्रेम देतो, एमबी-डी१८ ग्रिप लावून तिच्यात मोठी बॅटरी घातली तर ९. पण लग्न आणि साखरपुड्याच्या कामात या दोन फ्रेमसाठी कोणी जादा पैसे देत नाही.

आणखी एक, नवीन लोक इथेच फसतात. ग्रिपसोबत बॅटरी येत नाही! रिकामी ग्रिप म्हणजे नुसता डबा. किंमत धरताना निदान एक जादा बॅटरी त्यात मिळवा.

आता हिशेब. आकडे मी समजण्यासाठी धरतोय, तुम्ही दुकानात विचारून तुमचे घाला. समजा ग्रिप २०,००० आणि बॅटरी ६,०००, एकूण २६,०००. एका ऑर्डरीत असिस्टंट, प्रवास, अल्बम, एडिटिंग सगळं वजा जाऊन हातात ६,००० राहतात. म्हणजे चार-साडेचार लग्नांची कमाई या डब्यात गेली. दोन सीझनमध्ये ५० ऑर्डरी केल्या तर ऑर्डरीमागे ५२० रुपये पडतात. ५२० ऐकायला कमी वाटतात, पण प्रश्न वेगळा आहे: ग्रिप नसल्यामुळे एका ऑर्डरीत तुमचं ५२० रुपयांचं नुकसान होतंय का?

ते शोधायची सोपी पद्धत आहे. पुढच्या आठ-दहा कामांत खिशात छोटी वही ठेवा. किती बॅटऱ्या संपल्या, त्यातली कोणती ऐन विधीत बदलावी लागली आणि त्यामुळे कोणता फोटो हुकला, एवढंच लिहायचं. बॅटरी बदलायला दहा-पंधरा सेकंद लागतात. जेवणावळीत ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तेव्हा पंधरा सेकंद म्हणजे सगळंच गेलं, तो क्षण पुन्हा करायला सांगता येत नाही. मात्र यावर बिनपैशाचा उपाय आहे. मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी, बॅटरीत ४० टक्के चार्ज असला तरी ती काढा आणि भरलेली घाला. वरातीआधी पुन्हा तेच. अर्धी राहिलेली बॅटरी जेवणाच्या फोटोंना वापरा. ही सवय लागल्यावर माझ्या मते निम्म्या लोकांना ग्रिपची गरजच उरत नाही.

कंपनी जो ‘एका चार्जमध्ये इतके शॉट’ असा आकडा देते तो सिपा नावाच्या जपानी संस्थेच्या ठरावीक चाचणीतून येतो. कॅनन ८०डीला ९६०, सोनी ए७ थ्रीला स्क्रीन वापरून ७१० आणि व्ह्यूफाइंडर वापरून ६१०, तर कॅनन आरपीला फक्त २५०. प्रत्यक्षात सलग फोटो काढताना यापेक्षा बरेच जास्त मिळतात, आणि व्हिडिओ किंवा नुसती वाट बघण्यात कमी. मिररलेस कॅमेरा तुम्ही डोळ्याला लावून उभे असता तेव्हाही आतली स्क्रीन बॅटरी खातच असते. त्यामुळे जुना डीएसएलआरवाला आणि नवा मिररलेसवाला, दोघांना एकच सल्ला देता येत नाही. आणि घ्यायचं ठरवण्याआधी तुमच्या मॉडेलला ग्रिप आहे का ते बघा. त्याच आरपीला कॅननची जी जोडपट्टी मिळते तिच्यात बॅटरी बसतच नाही, ती फक्त करंगळीला आधार देते. निकॉन झेड ६ च्या एमबी-एन१० मध्ये दोन बॅटऱ्या बसतात, पण उभ्या फ्रेमचं शटर बटण नाही. पकडीसाठी पैसे घालवून असं निघालं तर काय करणार?

मग ग्रिप कोणाला खरंच उपयोगी? ज्याचं काम लांब चालतं, हात रिकामा नसतो आणि फ्रेम उभी असते त्याला. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे पालखी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते, पहिला मुक्काम गावातच इनामदारवाड्यात, आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीकडे वाटचाल. त्या गर्दीत बॅग उघडून बॅटरी शोधणं म्हणजे धक्के खाणं, शिवाय पावसाचे दिवस. झाकण जितक्या कमी वेळा उघडाल तितकं बरं. वारीचं काम दरवर्षी करणाऱ्याने ग्रिप घेतली तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण वर्षातून दोनच दिवसांचं काम असेल तर पुण्यात कॅमेऱ्याचं सामान भाड्याने देणारे आहेत. दोन दिवस भाड्याने आणा, वापरून बघा, मग ठरवा.

याउलट चाकणच्या कारखान्यातलं प्रॉडक्ट शूट घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, बाजूला प्लग. तिथे ग्रिपचं काय काम? डमी बॅटरी लावून थेट विजेवर चालवा, किंवा नवा कॅमेरा यूएसबीवर चालत असेल तर पॉवर बँक जोडा. रील आणि प्री-वेडिंग करणाऱ्यांनी तर आणखी सावध राहा. ग्रिप लावलेला कॅमेरा बहुतेक छोट्या गिंबलवर नीट बसत नाही, वजनाचा तोल जातो. दर वेळी ग्रिप काढा, गिंबल लावा, पुन्हा ग्रिप लावा, यात पंधरा सेकंदांच्या जागी दहा मिनिटं जातात. ग्रिप आणि जादा बॅटरी मिळून साडेतीनशे-चारशे ग्रॅम वाढतात, ते रात्री वरातीत मनगटाला कळतं.

‘पण सर, मोठा कॅमेरा दिसला की पार्टीवर छाप पडते.’ हे अगदी खोटं नाही. गावाकडे कॅमेऱ्याच्या आकारावरून फोटोग्राफर जोखणारे मामा-काका असतात. पण मग हा खर्च जाहिरातीच्या खात्यात लिहा आणि विचारा, याच २६,००० मध्ये पाच नमुना अल्बम छापून मंगल कार्यालयांत ठेवले असते तर जास्त चौकशा आल्या असत्या का? माझं मत अल्बमच्या बाजूने.

वस्तू किती टिकते हेही बघा. कॅननची एलपी-ई६ बॅटरी २००८ च्या फाइव्ह डी मार्क टू बरोबर आली आणि तीच पुढे मिररलेस आर६ मध्येही चालते. ग्रिपचं तसं नाही. ७०डी, ८०डी, ९०डीची बीजी-ई१४ ग्रिप आर६ ला बसत नाही. सोनी ए७ थ्रीची ग्रिप ए७ फोरला बसत नाही, बॅटरी मात्र दोघांची एकच. म्हणजे बॉडी बदलली की बॅटऱ्या तुमच्यासोबत येतात आणि ग्रिप कपाटात जाते. बॉडी बदलायचा विचार वर्षभरात असेल तर ग्रिपचं नाव काढू नका. आणि ज्याच्याकडे अजून एकच बॉडी आहे त्याने हे पैसे दुसऱ्या, भले जुन्या, बॉडीसाठी बाजूला टाकावेत. बॅटरी संपणं दहा-पंधरा सेकंदांत निस्तरतं. बोहल्यासमोर शटर अडकलं तर नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या. १८ टक्के धरून २०,००० मध्ये सुमारे ३,०५० रुपये कर असतो, त्याचं क्रेडिट मिळू शकतं. सेवा व्यवसायाची उलाढाल २० लाखांच्या आत म्हणून नोंदणी केली नसेल तर ते मिळत नाही, पूर्ण २०,००० धरूनच हिशेब करा.

एवढं करूनही घ्यायचं ठरलं तर स्वतःचा कॅमेरा घेऊन दुकानात जा. दुसऱ्या कंपनीची स्वस्त ग्रिप असेल तर बॅटरीचा टक्का बरोबर दाखवते का, उभ्या बाजूचं बटण अर्धं दाबल्यावर फोकस लगेच धरतो का, दोन्ही बघा. ग्रिप एकाच स्क्रूवर घट्ट राहते आणि तो हळूहळू सैल होतो, त्यामुळे प्रत्येक कामाआधी हाताने आवळा. अनेक कॅमेऱ्यांत ग्रिप बसवताना बॅटरीचं झाकण काढावं लागतं. ते ठेवायला बऱ्याच ग्रिपमध्ये खाच असते, तिथेच ठेवा. हरवलं तर ग्रिप काढल्यावर काही कॅमेरे सुरूच होत नाहीत.