नाडीची साक्ष

अक्कलकुवा तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात एखाद्या स्त्रीवर डाकीण असल्याचा आळ घेऊन तिची विटंबना केल्याची प्रकरणे आपल्या काळापर्यंत घडत आली आहेत. परंतु दुसऱ्याच्या अंतःकरणातील दोष बाहेरून ओळखता येतो हा जो समज त्यांच्या मुळाशी आहे, तो केवळ सातपुड्यातल्या पाड्यांचा नव्हे. मराठेशाहीत वादाचा निवाडा होईना तेव्हा रवादिव्य करवीत, उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढणाऱ्याचा हात पिशवीत बांधून मोहोरबंद करीत, आणि पुढे तो समक्ष पाहून खऱ्याखोट्याचा निर्णय देत.

आज त्या हाताची जागा त्वचेची विद्युद्वाहकता, हृदयाची लय आणि मेंदूतील विद्युत्स्पंदने यांनी घेतली आहे. भय वाटताच अनुकंपी मज्जासंस्था घामाच्या ग्रंथींना चेतविते आणि काही क्षणांनी त्वचेतून वीज अधिक सुलभपणे वाहू लागते. या क्रमाचे गणिती प्रतिमान बांधले, म्हणजे आलेखावरून उलट जाऊन मूळ चेतना केव्हा उठली व किती तीव्र होती याचा अंदाज करता येतो. हे शास्त्र खरे आहे आणि आदरास पात्र आहे. मात्र त्याला क्षोभ कळतो, क्षोभाचे कारण कळत नाही : त्याच डोंगरपट्ट्यातील मोलगीहून प्रथमच ठाण्यात आणलेली, भिली बोलणारी निरपराध स्त्री आणि खरा गुन्हेगार, दोघांचीही नाडी धावेल.

समजा, शंभर संशयितांत अपराधी एकच आहे आणि कसोटी शंभरांत नव्वद वेळा बरोबर ठरते. तरीही नव्याण्णव निरपराधांपैकी सुमारे दहांवर ती ठपका ठेवील, म्हणजे तिने दोषी ठरविलेल्या अकरांत खरा दोषी फार तर एक.

2008 च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना, इतर पुराव्यांबरोबर, आरोपीच्या मेंदूतील विद्युत्स्पंदनांच्या चाचणीचाही आधार घेतला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी अशा चाचण्या अशास्त्रीय ठरविल्या. पुढे 5 मे 2010 रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निवाड्यात, सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून त्या करण्यास मनाई केली. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी आणि परिणाम वकिलामार्फत समजावून द्यावेत, असेही बंधन घातले. मोलगीच्या स्त्रीला हे समजावणे भिलीतच झाले पाहिजे. न कळलेल्या मजकुराखाली उमटविलेल्या अंगठ्यास संमती म्हणणे मला मान्य नाही. समजून दिलेल्या संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षदेखील स्वतः पुरावा होत नाही. तिच्यामुळे पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढीच न्यायालयापुढे ठेवता येते.